ओरखड्याचा फोटो

राजाजीनगरात आमचं जुन्या गाड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक रोडावलं, तेव्हा वेबसाइट करून घ्यायचं ठरलं. आधी आलेल्या दोन कंपन्यांनी लॅपटॉपवर चकचकीत पानं दाखवली. त्यांतली एकही गाडी आमची नव्हती. तिसऱ्या कंपनीची बाई मात्र लॅपटॉप न उघडताच गाड्यांमधून फिरू लागली. ओढणीने धूळ पुसायची, वाकायची आणि नेमका ओरखड्याचाच फोटो काढायची. मला वाटलं, ही आम्हाला बुडवणार.

वडील तर चिडलेच. "अक्का, ते कशाला दाखवता लोकांना?"

ती शांतपणे म्हणाली, "काका, मघाशी आलेल्या गिऱ्हाइकाला हाच ओरखडा तुम्ही आपणहून दाखवलात ना? तुमची वेबसाइटही तेच करेल."

वडील कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणाले. पुढच्या कामाला त्या कंपनीची दुसरीच माणसं आली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

परवा तुमकूरहून एक जोडपं आलं. नवरा थेट पांढऱ्या गाडीच्या मागच्या दाराशी गेला. ओरखड्यावर बोट ठेवून बायकोला म्हणाला, "हा बघ, आहे."

आणि मग त्याने वडिलांकडे किल्ली मागितली.