रोलरपुढचा बेडूक

मंडळी, तासाभरापूर्वी हर्सूलहून परतलो. बुटांना अजून मुरूम चिकटलाय.

माझी भाची प्राणिशास्त्रात संशोधन करते. तिकडच्या एका दलदलीत नखाएवढे बेडूक आहेत. दिसायला सगळे सारखे, म्हणून आजवर एकाच जातीत मोडत आले. भाचीला मात्र तिथल्या काहींचा आवाज वेगळा वाटला. जात वेगळी ठरवायची तर आवाजाच्या जोडीला प्रत्यक्ष बेडूक तपासावा लागतो. तो आणायला आज गेलो, तर दलदलीवर मुरूम पसरलेला आणि रोलर उभा.

जमीनमालक सज्जन. त्यांनी चहा मागवला. "ताई, बेडकंच ना? तळ्यावर लई हायेत, न्या की पोतंभर."

"काका, ते हेच कशावरून?"

"आता सगळे सारखेच तर दिसतेत."

शास्त्राचंही आजवर हेच म्हणणं होतं, त्यामुळे मला टोमणा मारायची सोय उरली नाही.

अंधारून आल्यावर भाचीनं आधीच्या फेरीत रेकॉर्ड केलेला तो वेगळा आवाज मोबाइलवर लावला. नर ऐकून उत्तर देतात म्हणे. ती पुन्हा पुन्हा लावत राहिली. मग रोलरच्या पुढ्यातल्या डबक्यातून एकानं उत्तर दिलं. टॉर्च घेऊन खूप शोधलं, सापडला नाही.

संस्कृतात बेडकाला नावं भरपूर आहेत. पण ती सगळ्याच बेडकांना सरसकट लागू, याच्या कामाचं त्यातलं एकही नाही. हा हाती लागला नाही, तर ती जात खरंच वेगळी होती का, हे कुणालाच कळायचं नाही.

मालकांनी सकाळी काम सुरू होईपर्यंत मुभा दिलीय. उजाडताच निघतोय. चिखलात गुडघे टेकायला कुणी येतं का?