शैलाताईंच्या फोनमधलं माझं नाव

शैलाताईंच्या नंबरवरून सकाळी फोन आला म्हणून मी हसतच उचलला. पलीकडे पुरुषाचा दबलेला आवाज. "हॅलो... काहून बोलून राहिल्या का?" मला वाटलं, चुकून लागला असेल. मग ते म्हणाले, "मी शैलाचा मिस्टर. तिच्या मोबाइलात तुमचं नाव असंच लिहून आहे. शैला गेली हो... पहाटे, झोपेतच." "मंगला बोलतेय," एवढंच मी कसंबसं म्हटलं. महिना होऊन गेला, तरी ती बातमी आठवली की आधी ते नावच ऐकू येतं.

नावं ठरवणं हेच ताईंचं काम होतं. आमची कंपनी दुकानदारांना ग्राहकांच्या पावत्या पाठवण्याची सेवा देते. ती वापरणारे प्रोग्रामर पायथन, जावा अशा वेगवेगळ्या भाषांत लिहितात, म्हणून प्रत्येक भाषेसाठी आम्ही एक तयार संच देतो. त्याला लायब्ररी म्हणतात. त्यातल्या प्रत्येक कामाला काय म्हणायचं ते ताई ठरवत. 'सेंड रिसीट' हे एकच नाव, पण पायथनमध्ये सगळी अक्षरं लहान आणि शब्दांच्या मधे खाली रेघ. जावात रेघ नाही, दुसरा शब्द मोठ्या अक्षरानं सुरू. सी-शार्पमध्ये पहिला शब्दही मोठ्याच अक्षरानं. मी पारशिवनीची, घरातली पहिली पदवीधर, नवी नवी लागलेली. पुण्याच्या टीमसोबतच्या पहिल्याच मीटिंगमध्ये न राहवून बोलून गेले, "पण काहून? सगळीकडे सारखं काहून नाही लिहायचं?" 'का'ऐवजी 'काहून' ऐकून स्क्रीनवरचे सगळे हसले. माझे कान तापले.

दुपारी डबा खाताना ताईंनी माझ्या डब्यातली पातोडी उचलली आणि विचारलं, "घरी तुले काय म्हणतात वं?"

"मंगी."

"शाळेत?"

"मंगला."

"अन् इथं?"

"मंगला मॅडम."

"मंग? तीन बाया झाल्या का? ज्या घरी जाशील त्या घरच्याइच्या तोंडात बसंल असं नाव पाहिजे. माणूस तोच राह्यते."

नावं तपासायला ताईंनी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. नाव त्या भाषेच्या रीतीत बसत नसेल तर तो ते नाकारायचा, आणि कारण हवं असेल तर एक शब्द टाइप करायचा. त्या मीटिंगनंतर आठवडाभरात ताईंनी तो शब्द ठेवला... काहून. मी विनवलं, "ताई, बदला ना. लोक हसून राहिले."

"हसून राहिले म्हंजे वापरून राहिले! लोकाइनं एकदा नाव घेतलं का ते आपलं राह्यत नाही. आता काढलं तर हाक मारणाऱ्याचं काम अडंल."

आणि खरंच, पुण्याची मंडळीही बिनदिक्कत 'काहून' टाइप करू लागली. मी मात्र बोलताना जपून 'का' म्हणायची. इतकी वर्षं जपलं.

ताईंचं काम आता माझ्याकडे आलं आहे. गेल्या आठवड्यात परदेशातल्या नव्या सहकाऱ्यांनी सुचवलं, हा शब्द काढून 'व्हाय' ठेवा. तो शब्द गेला तर ताईंचा आवाजच त्या प्रोग्राममधून जाणार होता... पण मागणी तर ताईंच्याच नियमातली. त्यांच्या तोंडात 'काहून' बसत नव्हता. मी 'व्हाय' घेतला, आणि सांगितलं की जुना शब्दही चालू राहील. "व्हाय?" एकानं लगेच विचारलं. म्हटलं, अजून त्या नावानं हाक मारणारे आहेत.

रविवारी पुन्हा ताईंच्या नंबरवरून फोन आला. भाऊजींनी तो मोबाइल अजून चालू ठेवला आहे. "पोरगी म्हणे, बाबा, त्या मॅडमचं खरं नाव टाका. मंगला ना?"

"राहू द्या भाऊजी. आहे तेच असू द्या."

पलीकडून आलं, "काहून?"

त्यांनी कारण विचारलं की मला हाक मारली, कळलं नाही. मी म्हटलं, "हो भाऊजी... बोलून राहिली."