एका जागेचे तीन कोच

मुलींच्या बास्केटबॉल कोचकडे ट्रॉफ्या किती आहेत, ते त्याचं कपाट उघडल्यावर कळतं. किस्से किती आहेत ते कळायला मात्र त्याला एक चहा पाजला की पुरतं! मुली तीन वर्षं खेळतात, पास होतात, कुणी नोकरी धरते, कुणी लग्न करून जाते. टीम दरवर्षी नवी. आमच्याजवळ उरतात त्या फक्त गोष्टी, आणि त्या काही केल्या कमी होत नाहीत.

आमचं टोळकं तिघांचं. मी, मेश्राम मॅडम आणि रूपाली. नागपुरातल्या तीन वेगवेगळ्या कॉलेजांत आम्ही मुलींना शिकवतो आणि रविवारी सकाळी मैदानाबाहेरच्या टपरीवर तर्री-पोहे खायला जमतो. मॅडम सगळ्यांत सीनियर. रूपाली त्यांचीच जुनी खेळाडू. तिघंही कॉन्ट्रॅक्टवर, म्हणजे जूनमध्ये ऑर्डर आली तर कोच, नाही आली तर घरी.

यंदा एका चौथ्याच कॉलेजनं कोचची कायम जागा काढली. आमच्या लाइनीत अशी जाहिरात कुणी सहसा पाहिलेली नसते. मॅडमना ही शेवटचीच संधी होती, कारण पुढच्या वर्षी त्या वयात बसणार नव्हत्या. हे मला आणि रूपालीला चांगलं माहीत होतं. तरी अर्ज तिघांनीही केला. घर आम्हालाही चालवायचं होतं. टपरीवर त्या विषयावर कुणी बोलायचं नाही. बोलायचो ते हे असलं काहीतरी.

•

मॅडम एकदा गांधीबागेत साडी घ्यायला गेल्या होत्या. दुकानदाराची मुलगी वरच्या फळीवरचे कापडाचे तागे स्टुलावर न चढता, नुसता हात वर करून काढत होती. मॅडम साडी विसरल्या.

"उंची किती वं तुझी?"

मुलगी लाजली. बाप गल्ल्यावरून उठला. मॅडमनी विचारलं, शिकते काय, कोणत्या वर्षाला आहे, चष्मा आहे का, पळताना दम लागतो का. बापानं लगबगीनं चहा मागवला, पंखा मॅडमकडे वळवला, आतून बायकोला बोलावलं आणि हात जोडून विचारलं, "मुलगा काय करते जी?"

"मुलगा नाही जी," मॅडम म्हणाल्या, "बास्केटबॉल आहे!"

चहा तेवढा मिळाला. मुलगी मिळायला पुढे बऱ्याच चकरा माराव्या लागल्या, पण मिळाली. साडी मात्र राहून गेली.

•

उमरेडहून येणारी एक मुलगी होती. खेळ सुरेख, पण वडील ऐकायला तयार नाहीत. "पोट्टी शॉर्ट पँट घालणार नाही म्हणजे नाही! लोक का म्हणतीन?"

मॅडम म्हणाल्या, "तुम्हीच इथे येऊन बसा ना. आणि कोण का म्हणते ते मले सांगा."

गृहस्थ खरंच एसटीनं यायला लागले. सुरुवातीला दूर गेटजवळ उभे राहायचे. मग कट्ट्यावर बसले. मग पाण्याच्या बाटल्या भरून आणायला लागले. स्पर्धा आली तेव्हा ते टीमच्या बेंचवर मॅडमच्या शेजारी बसलेले होते, आणि दुसऱ्या क्वार्टरमध्ये उठून रेफ्रीच्या अंगावर गेले, "फाऊल दिसून नाही राहिला का तुमाले?"

रेफ्रीनं टेक्निकल फाऊल दिला. बेंचवरचा माणूस बोलला की फाऊल कोचच्या नावावर लागतो, तसा तो मॅडमच्या नावावर लागला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच!

घरी जाताना ते मान खाली घालून म्हणाले, "चुकलंच मॅडम."

"चुकलं कायले?" मॅडम म्हणाल्या. "फाऊल होताच तो."

•

आता माझं ऐका. मी कोच म्हणून नवा होतो तेव्हाची गोष्ट. आदल्या दिवशी जागून मी चार-पाच चाली तयार केल्या होत्या. मॅच अटीतटीची झाली आणि मी टाइमआउट घेतला. टाइमआउट असतो एका मिनिटाचा. मी बोर्डावर बाण काढले, गोल काढले, खोडले, पुन्हा काढले. एकीला डावीकडे जा म्हणालो, लगेच तिलाच उजवीकडे जा म्हणालो.

"समजलं?" मी विचारलं.

"हो सर!" सगळ्या एका सुरात.

मला बरं वाटलं. तरी खात्री करावी म्हणून कॅप्टनला विचारलं, "काय समजलं?"

"तुम्ही भल्ले घाबरून राहिले, सर."

मॅच गेली ते सांगायला नकोच. त्या दिवशी समोरच्या बेंचवर मेश्राम मॅडम होत्या. टाइमआउट झाला की त्या एकही शब्द बोलत नाहीत. ज्या मुलीचं डोकं फिरलेलं दिसेल तिला समोर उभी करतात आणि तिची वेणी सोडून पुन्हा घट्ट घालून देतात. मिनिट संपतं, मुलगी शांत होऊन आत जाते. मी नंतर विचारलं, "मॅडम, काही सांगत का नाही?"

"सांगाचं थे प्रॅक्टिसमध्ये सांगून झालं ना. आता डोकं जागेवर पाहिजे."

माझ्या हातून वेण्या होणं शक्य नव्हतं. मी बोर्ड तेवढा घरी ठेवला.

•

एका वर्षी ऐन स्पर्धेच्या तोंडावर मॅडमच्या कॉलेजनं गॅदरिंगसाठी कोर्टावरच मांडव घातला. मधोमध बांबू. दुसऱ्या कुणी प्राचार्यांशी भांडण काढलं असतं. मॅडमनी मुलींना सांगितलं, "बांबू म्हणजे समोरची टीम. चला!"

मुली बांबूंमधून बॉल घेऊन पळायला लागल्या. पहिले दोन दिवस कपाळाला टेंगळं आली. मग अशा सफाईनं वळायला लागल्या की बघत राहावं. गॅदरिंग झालं, मांडववाला सामान काढायला आला, तर मॅडम त्याला आडव्या!

"दोन दिवस राहू द्या ना जी. माझी एक पोट्टी उजवीकडून अजून कच्ची आहे."

•

रूपाली कोच झाली त्या वर्षी तिच्या टीमनं मॅडमच्या टीमला हरवलं. मॅच संपली आणि रूपाली ढसाढसा रडायला लागली. मुली गोंधळल्या, नाचावं की नाही ते त्यांना समजेना. मॅडम अख्खं कोर्ट ओलांडून आल्या.

"काहून रडून राहिली वं? हरली कोण, तू का मी?"

"तुम्ही, मॅडम."

"मग मले रडू दे ना!"

•

आणि मग तो इंटरव्ह्यू.

आम्ही तिघं बाहेरच्या खुर्च्यांवर एका ओळीत बसलो होतो. रूपाली कडक इस्त्रीची साडी नेसून, खाली स्पोर्ट्स शूज घालून. मॅडम ट्रॅकसूटमध्ये. मी फाइल मांडीवर धरून. नोकरी मला हवीच होती, आणि मॅडमकडे पाहवतही नव्हतं. आतली प्रश्नोत्तरं झाल्यावर कमिटी आम्हाला कोर्टावर घेऊन आली. चेअरमन म्हणाले, एकेकानं कॉलेजच्या मुलींना शिकवून दाखवा.

रूपालीचा पहिला नंबर. तिनं ले-अप, म्हणजे पळत येऊन दोन पावलांत बॉल बास्केटमध्ये टाकणं, घ्यायला लावला, पण घाबरून मुलींना उलट्या पायावर सोडलं. सगळ्यांचे पाय अडखळायला लागले. कमिटीतले एकमेकांकडे बघायला लागले. एवढ्यात बाजूच्या खुर्चीवरून आवाज आला.

"रूपाली! उजवा पाय पहिले वं!"

रूपालीनं चूक सुधारली. मग तिचं असं छान जमलं की चेअरमननी मान डोलावली. मी मॅडमकडे पाहिलं. त्याही मान डोलावत होत्या.

मग मॅडमचा नंबर. त्यांना पाच-पाच मुलींचा खेळ घ्यायचा होता, आणि मुली निघाल्या नऊ. मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं आणि शिट्टी वाजवली. रूपालीनं पदर कमरेला खोचला आणि धावत जाऊन दहावी उभी राहिली!

खेळ सुरू झाला. चेअरमन चक्रावून रूपालीला म्हणाले, "अहो मॅडम, तुम्ही तर यांच्याविरुद्ध उमेदवार आहात ना?"

"हो सर," रूपाली पळता पळता म्हणाली, "पण शिट्टी वाजली ना!"

इतक्यात बॉल कुणाच्या तरी हाताला लागून बाहेर उडाला आणि थेट सायकल स्टँडकडे गेला. मी त्याच्यामागे पळालो, सायकलींखालून ओढून काढला, शर्टाला पुसला, मॅडमकडे फेकला आणि पुढचा बॉल अडवायला लाइनीवर जाऊन उभा राहिलो.

चेअरमननी चष्मा वर केला.

"आणि हे कोण? यांचे असिस्टंट का?"

"नाही जी," मी म्हणालो, "मी तिसरा उमेदवार."