जुलैतलं ताजं पापलेट

"हिरा, ह्ये तुझ्याच गिऱ्हाइकांनी लिवलंय," म्हणत मच्छीमार सोसायटीच्या चेअरमननी मोबाइल टेबलावर सरकवला. स्क्रीनवर पाच स्टार. खाली रिव्ह्यू : 'यांच्या बोटीवरचं पापलेट घेतलं. एकदम फ्रेश.' तारीख जुलैची.

जून-जुलैत मासळीच्या पोटात अंडी असतात, म्हणून समुद्रात जायला बंदी असते. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावरच उरणच्या या कोळीवाड्यात बोट पाण्यात उतरते. जुलैत ताजं पापलेट याचा अर्थ एकच, हिराताईंच्या घरच्यांनी चोरून बोट काढली.

"बंदी मोडनाऱ्याला सोसायटी डिझेल देनार नाय, बरफ बी नाय," चेअरमन म्हणाले. म्हणजे अख्खा सीझन बोट किनाऱ्यावर. त्या बोटीवर हिराताईंची दोन्ही मुलं पोट भरतात. "माझी बोट हाललीच नाय," त्या एवढंच बोलल्या.

माझं पनवेलला छोटं ऑफिस आहे. ऑनलाइन रेप्युटेशनचं काम करते. इंटरनेटवर कुणाचं नाव खराब झालं की मी निस्तरते. म्हणून हिराताई माझ्याकडे आल्या. हिराताई खारघरच्या टॉवरमध्ये घरपोच मासळी देतात, बंदीच्या दिवसांत फक्त सुकट आणि सुके बोंबील. ऑर्डर वाढवून देतो म्हणणाऱ्या एका मार्केटिंग कंपनीला त्यांनी काम दिलं होतं. त्या दिवट्यांनी कुठून तरी ढीगभर नंबर मिळवून सगळ्यांना एकच मेसेज मारला, 'आज पहाटेच आमच्या बोटीतून!' याला बल्क मेसेज म्हणतात. तो कोळीवाड्यातही घरोघरी पोचला. वर खोटे रिव्ह्यू टाकले ते वेगळेच.

मी कंपनीला फोन लावला.

"मॅडम, टेम्प्लेट आहे ते. फिशच्या सगळ्या क्लायंटना तेच जातं."

"अहो, पण जुलैत?"

"जुलैमध्ये काय प्रॉब्लेम आहे?"

मी कपाळाला हात लावला.

हिराताईंना म्हटलं, खोटे रिव्ह्यू रिपोर्ट करू, खुलासा टाकू, खऱ्या गिऱ्हाइकांकडून चांगले रिव्ह्यू घेऊ. त्या म्हणाल्या, "बाय, आता माझ्या मेसेजवर कोन इस्वास ठेवंल?" तरी मी हट्टाने त्यांच्याबरोबर सुकट पोचवायला खारघरला गेले.

पहिल्याच दारात एक रिटायर्ड बँक ऑफिसर भेटले. चांगलं काही लिहाल का विचारलं, तर भडकलेच.

"काय चांगलं लिहू? जावई आला होता. मेसेज बघून पापलेट मागितलं, तर ह्या बाई नाही म्हणाल्या. दुप्पट देतो म्हटलं, तरी नाही. म्हणे, पोटात अंडी हायत, सुकट घ्या. मग लोकांना मेसेज कशाला पाठवता?"

समोरच्या फ्लॅटमधल्या बाई दार उघडून म्हणाल्या, "मलाही तेच सांगितलं. फार अडेलतट्टू आहेत."

आयतं गिऱ्हाईक चालून आलेलं, दुप्पट पैसे हातात, आणि या बाईने सुकट पुढे केलं. याबद्दल तिने मला चकार शब्द सांगितला नव्हता. तिच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच.

"साहेब," हिराताई म्हणाल्या, "ह्ये जरा आमच्या चेअरमनला सांगाल?"

"सांगतोच. मला तक्रार करायचीच आहे."

साहेब शेजारणीला घेऊन स्वतःच्या गाडीने कोळीवाड्यात आले. सोसायटीच्या ऑफिसात दोघांनी हिराताईंच्या नावाने मनसोक्त बोटं मोडली. चेअरमन आधी कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. मग हळूहळू खुर्चीत मागे टेकले. दारात जमलेले लोक पुढे सरकून ऐकू लागले. इतकी वर्षं मी लोकांसाठी शाबासक्या गोळा करत आले होते, आणि इथे शिव्यांनी एका बाईची अब्रू राखली जात होती.

"साहेब, चहा घ्या," शेवटी चेअरमन म्हणाले. मग हिराताईंकडे वळून, "नारळ झाला की डिझेल घेऊन जा." तेव्हा कुठे त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

खोटे रिव्ह्यू सगळे अजून निघालेले नाहीत. कंपनी आता फोन उचलत नाही. पण हल्ली नवा क्लायंट आला की मी त्याचे स्टार बघत नाही. धंदा चालून आलेला असताना शेवटचं 'नाही' कुणाला म्हणालात, ते विचारते. बहुतेक जण विषय बदलतात.