कानामागची भुजली

माणूस देवावर रागावतो तेव्हा देवाला काय वाटत असेल, मला ठाऊक नाही. मी मात्र चांदपूरच्या मारोतीवर चांगलीच भडकले होते. तुमसरच्या राइस मिलमध्ये राबणाऱ्या माझ्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि डायलिसिस सुरू झालं, तेव्हा मी एकच मागणं घातलं होतं: माझी किडनी यांना लागू दे. दुसऱ्या कोणाची नको, माझीच. माझा रक्तगट त्यांना चालतो म्हटल्यावर तर घाईघाईनं नारळही फोडून आले.

मग नागपूरच्या दवाखान्यात शेवटची तपासणी झाली. यांचं रक्त आणि माझ्या पेशी एकत्र करून बघतात म्हणे. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं, की वारंवार रक्त चढवल्यामुळे यांच्या रक्तात माझ्या पेशींचे वैरी तयार झालेत. माझी किडनी बसवली तर यांचं शरीर ती लगेच नाकारेल. लग्नात गुरुजींनी गुण जुळवले, एका ताटात जेवलो, एवढा संसार केला, आणि यांच्या रक्तानं मलाच परकी ठरवलं! सासू-सासरे कधीच गेलेले, यांना भावंडं नाहीत, आमची लेकरं लहान. माझ्याशिवाय देणारं कोणी नव्हतंच.

बाहेरच्या बाकावर मी तोंडाला पदर लावून रडत बसले. राखीचा दुसरा दिवस होता. शेजारी आमच्याकडच्याच नाकाडोंगरी गावची एक बाई, तिच्या हातात पळसाच्या पानात गव्हाचे पिवळे कोंब. आमच्याकडे नागपंचमीला टोपलीत गहू पेरतात, तीच भुजली. राखीच्या दुसऱ्या दिवशी ती तळ्यात सोडतात आणि थोडे कोंब एकमेकींच्या कानामागे खोचून गळाभेट घेतात. या बाईला गावी राहता आलं नाही, म्हणून ती चिमूटभर सोबत घेऊन आली होती.

"रडून काहून राहिली, माय? भुजलीचा दिवस हाय आज," म्हणत तिनं माझ्या कानामागे कोंब खोचले.

मी उसळलेच. "कायची भुजली अन् कायचा सण! माझी किडनी माझ्या मानसाले चालत नाही."

ती म्हणाली, "माझी बी भावाले चालत नाही. राखी बांधली काल त्याले. पर रक्तगटच जमत नाही." आणि उरलेले कोंब तिनं माझ्या हातात दिले. "लाव मले. एकतर्फी भुजली होत नसते."

मी तिच्या कानामागे कोंब खोचले आणि हात तिथेच थबकला. तिच्या हातचे कोंब माझ्या कानामागे, माझ्या हातचे तिच्या. तिनंही माझ्याकडे पाहिलं.

"बाई, तुझी माझ्या मानसाले..."

"अन् तुझी माझ्या भावाले?"

आम्ही तशाच डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरलो. अशी अदलाबदल करता येते, त्या म्हणाल्या, पण चौघांच्या तपासण्या नव्यानं होतील, आत्ताच आशा धरू नका. यावेळी मी मारोतीला काहीच मागितलं नाही. मागून तोंड भाजलं होतं. "तूच बघ बाबा," एवढंच म्हटलं.

यांच्या रक्तानं तिच्या पेशींशी वैर धरलं नाही. तिच्या भावाच्या रक्तानं माझ्या पेशींशी नाही. जिची सात पिढ्यांत ओळख नाही, ती यांना चालली! अगं माय, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आजही लिहिताना येतो. पुढे अवयवदानाच्या सरकारी समितीची परवानगी मिळाली आणि आम्हा चौघांचं ऑपरेशन एकाच दिवशी झालं.

त्या दिवसापासून आम्ही एकमेकींना नावानं हाक मारत नाही, 'भुजली'च म्हणतो. यंदा चौघं मिळून चांदपूरला गेलो. पायऱ्या चढताना हे मला चिडवत होते, "जपून बोल मले. आता माझ्या पोटात नाकाडोंगरीची बाई हाय!" वर पोचल्यावर भुजलीचा भाऊ माझ्या पाया पडायला वाकला आणि माझा हात आपसूक माझ्या कुशीवरच्या टाक्यांच्या खुणेवर गेला.

मारोतीसमोर मी खूप रडले, पण रागानं नाही. माझीच घे म्हणून मी हट्ट धरला होता. त्यानं माझीच घेतली. कोणाला द्यायची, तेवढं मात्र माझ्यावर सोडलं नाही.