एका मापाची तीन बेअरिंगं

शेजारच्या वहिनी वीस वर्षं नवऱ्याच्या, म्हणजे भाऊंच्या, बेअरिंगच्या दुकानात डबा पोचवत आल्या, पण तिथल्या खुर्चीवर कधी टेकल्या नाहीत. टेकायची हौस किती होती ते मला विचारा; आमची भिंत एकच आहे आणि माझे कान शाबूत आहेत. भाऊंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पट्टी बसली, आणि वहिनींनी दुकान उघडलं.

“माल दोनदा परत आला की कुलूप,” भाऊंनी पलंगावरून हुकूम सोडला. “मग दुकानाचं नाव काढायचं नाही.”

चौथ्या दिवशी बेकरीवाला काळंठिक्कर पडलेलं बेअरिंग घेऊन हजर. पीठ मळायच्या यंत्राचं.

“वहिनी, परवाच नेलं होतं! भाऊ देतात ते वर्षभर हूं की चूं करत नाही.”

“मापाचंच दिलं होतं की,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी पुन्हा मोजलं. आत पंचवीस मिलिमीटर, बाहेर बावन्न, जाडी पंधरा. चूक शून्य.

आता भाऊंची रीत ऐका. खोकी जागा खातात म्हणून ते सगळी बेअरिंगं तेलकट कागदात गुंडाळून मापाप्रमाणे डब्यांत टाकत. कुठलं कशाला, ते त्यांच्या डोक्यात. आम्ही त्या मापाचा डबा वर्तमानपत्रावर पालथा केला. मी मदतीला होतो, म्हणजे चहा पीत होतो.

काहींची बाहेरची रिंग मान वाकडी करावी तशी कलत होती. “ही ढिली झालीत,” मी निकाल दिला. काहींच्या बाहेरच्या रिंगची एक कड जाड, दुसरी बारीक. “ही झिजलीत. टाका भंगारात.” उरली ती दोन्हीकडून सारखी, देखणी. तसलंच परवा दिलं होतं. रिंगांवर आकडे कोरलेले होते, पण ते कारखान्याचं काहीतरी असेल म्हणून आम्ही दोघांनीही सोडून दिले. बेअरिंगचा प्रकार नेमका त्या आकड्यांतच असतो; हुशारी बघा आमची!

वहिनी भंगाराच्या टोपलीपाशी थांबल्या. “भावजी, बाराच्या बारा एकाच बाजूने झिजली? तीही कागदातून न काढता?”



“भाऊंना विचारू?” मी म्हटलं.

“विचारलंत तर तुमचा चहा बंद.”

त्यांनी जळकं बेअरिंग रॉकेलमध्ये धुतलं आणि दोन रिंगांमधल्या छर्ऱ्यांनी घासून पाडलेली वाट भिंगातून पाहिली. ती खाचेच्या मधून जायची सोडून एका कडेवर चढली होती.

“यंत्राचा दांडा उभा आहे की आडवा?”

“उभा,” बेकरीवाला म्हणाला. “भांडं त्याच्यावरच बसतं.”

“म्हणजे सगळा भार वरून. आणि छर्रे खालच्या कडेला रेटले गेले.” त्यांनी ‘झिजलेलं’ एक उचललं. “हे बसवा. बाहेरच्या रिंगची जाड कड खाली.”

“खालीच का?” मी विचारलं.

“छर्ऱ्यांना टेकू खालून देतात ना? का वरून?” मग हळूच, “देवा, का वरूनच देतात?”

बेकरीत बसवताना कारागिराने ते उलटं धरलं. वहिनींनी हातातून घेऊन पालथं केलं, मग स्वतःच घाबरल्या आणि आणखी दोनदा फिरवून पाहिलं. यंत्र सुरू झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पुन्हा गेल्या आणि बेअरिंगच्या जागी यंत्राला तळहात टेकवून उभ्या राहिल्या. लोखंड जेमतेम कोमट.

संध्याकाळी मी भाऊंजवळ बसलो होतो, तेव्हा बेकरीवाला त्यांना बघायला आला.

“माल परत आणलास?” भाऊ उठूनच बसले.

“नाही. दुसऱ्या यंत्रासाठी अजून दोन हवीत. वहिनी कुठायत?”

“मला सांग की!”

“तुम्ही पडा हो. त्यांना कडबिड कळते.”

भाऊ उशीवर मागे टेकले. वहिनी आतून हात पुसत आल्या आणि मला म्हणाल्या, “भावजी, पण ती मान कलणारी कशाला असतात?”

मला काय माहीत! पण भाऊंनी सांगायला म्हणून खाकरून घसा साफ केला आणि वहिनींनी पलंगाजवळ खुर्ची ओढली.