साक्षीला जाणं म्हणजे सुट्टी नव्हे!

मंडळी, सकाळी तापलेलं डोकं आत्ता कुठे निवलंय.

माझी भाची सरकारी कचेरीत लिपिक आहे. जयगडच्या रस्त्यावर ती एसटीत असताना तिच्यासमोर ट्रकने मासळीवालीला उडवलं. बाईचा पाय गेला. साक्षीसाठी कोर्टाने भाचीला बोलावलं, तर साहेब म्हणे, "स्वतःची रजा टाका."

मी तडक कचेरीत गेले. "साहेब, बोलावणं कोर्टाचं आहे, बारशाचं नव्हे."

"पण बाई, हिने बघितलंच कशाला?"

"उद्या तुम्ही रस्त्यात पडलात, तर आम्ही डोळे मिटून घ्यायचे काय?"

साहेबांनी तिच्या अर्जावर 'कर्तव्यावर' असा शेरा मारला.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचे सावंत उठले. "साहेब, त्या एसटीत मीपण होतो. रजा जाईल म्हणून गप्प बसलो. आता मीपण सांगतो."

तुमच्या कचेरीत असे किती सावंत आहेत हो?